निळं पिंप

ऑकलंडहून बोटीनं पिंप येतं, निळं,
दोन महिन्यांतून एकदा. थोरली पाठवते.
वर टॉवेल, साबण, भाच्यांच्या चपला,
मग खाऱ्या मांसाचे बारा डबे,
चारचौघांत आईबापाची मान खाली नको म्हणून,
आणि अगदी तळाशी, मोज्यात गुंडाळलेल्या,
साखर मोजायच्या पट्ट्या.
पन्नास पट्ट्या, साठ दिवस.
म्हणून रविवारी मी मोजत नाही.
(रविवारीच मोजायला हवी, हे मलाही कळतं.)

पहाटे कोलोवाईची वटवाघळं परततात
रात्रभर कुणाच्या तरी पपया फस्त करून,
आणि झाडाला उलटी लटकतात, निवांत.
त्यांना कुणी काही विचारत नाही.
मी पायरीवर बसून बोट टोचतो,
करंगळीशेजारचं, कडेनं.
मधोमध टोचलं तर दिवसभर स्टिअरिंग बोचतं.
सात आला तर मी गुणगुणत बस काढतो.
अकरा आला तर गप्प.
सतरा आला होता एकदा,
तेव्हा सेला नर्स स्वतः सायकलवरून आली
आणि अंगणात उभी राहून ओरडली,
फिलिमोने, दुखणं अंगावर काढतोस,
पण अंग कुठून आणणार आहेस दुसरं?

रविवारी जमिनीतली भट्टी उघडते.
अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि डब्यातलं मांस,
भाजलेला नीरफणस, हाताएवढी कोनफळं.
पुढ्यात वाढलेलं नाकारणं म्हणजे
वाढणाऱ्याचा हात झटकणं.
मी पान उघडतो, पाला खातो,
मांस हळूच मेहुण्याच्या पानात सरकवतो.
सगळे बघतात. सगळे दुसरीकडे बघतात.
ही नवी रीत आहे आमच्यात,
तिला अजून नाव नाही.

मेहुणा म्हणजे माका.
त्याचा डावा पाय कुटुंबाच्या दफनभूमीत आहे,
पांढऱ्या वाळूखाली, भोवती पोवळ्याचे खडे,
मागे बायकांनी शिवलेली गोधडी ताणून लावलेली.
पाय पुढे गेला. बाकीचा माका
आंब्याखाली बसून शेंगदाणे विकतो
आणि गिऱ्हाइकाला सांगतो,
जागा धरून ठेवलीय मी, घाई नाही.
हसतो. मीही हसतो.
घरी येऊन चपला उलट्या करून बघतो,
खडा, खिळा, शिंपल्याची कपची.

एक गोष्ट मी सेलाला सांगितलेली नाही.
क्लच पुरता दाबला गेला की नाही
हे मी आता पायाला विचारत नाही,
इंजिनाच्या आवाजाला विचारतो.
बसमध्ये एकेचाळीस पोरं असतात.
आवाज अजून खोटं बोललेला नाही.

रात्री लोसालिने चटई विणायची थांबते.
केतकीच्या पात्यांनी तिची बोटं खरखरीत झालेली,
तरी एक पातं सुटलं तर अंधारात ओळखतात.
ती माझे पाय मांडीवर घेते,
एक एक करून, बाळाचे घ्यावेत तसे.
डोळे मीट, म्हणते.
इथं? हो.
इथं? हो.
इथं? थोडं.
इथं?

बाहेर एक फळ पत्र्यावर पडलं, घरंगळलं.
मी म्हणालो, हो.

ती काही बोलली नाही.
डोळे उघडले तर तिचे दोन्ही हात
तिच्या स्वतःच्या गालांवर होते.

मग तिनं तेल घेतलं,
टाचेपासून सुरुवात केली, आणि वर न बघता म्हणाली,
उद्या बसची चावी
मी सेलाकडे घेऊन जाणार आहे.
आणि पट्ट्या रविवारी मोजायच्या.
सोमवारी राहू दे.